फाडलेले कोपरे

गेली बारा वर्षे मी आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे वेताळ टेकडी चढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा तिचा माथा पुणे शहरात सर्वांत उंच आहे, पण टेकडीचे खरे मोल तिच्या पोटात मुरणाऱ्या पाण्यात आहे, असे माझे मत आहे. काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून पावसाचे पाणी सावकाश खाली झिरपते आणि पायथ्याच्या वस्त्यांतील विहिरी व बोअरवेल यांना त्याचा आधार मिळतो. वरचे गवत माती धरून ठेवते, त्यामुळे वळवाच्या जोरदार सरीतही सगळे पाणी एकदम रस्त्यावर धावून येत नाही. ज्यांना हा माळ उन्हाळ्यात उजाड वाटतो, त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण गणेरावर उमललेली पिवळीधमक फुले अवश्य पाहावीत. गणेर, सालई, मेडशिंगी ही इथलीच झाडे आहेत, आणि मागाहून लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाटीपेक्षा त्यांच्याभोवतीचे मोकळे गवत मला कितीतरी मोलाचे वाटते.

याच गवतात कचरा अडकतो. मोठा कचरा डोळ्यांत भरतो, कोणीतरी उचलतोही. राहतात ते वेफर्सच्या आणि सुपारीच्या पुड्यांचे दातांनी फाडलेले कोपरे. मागच्या रविवारी जुन्या दगडखाणीच्या काठावर बसून मी हाताच्या अंतरातले कोपरे वेचले, तर ओंजळ भरली. २०१८ च्या प्लास्टिकबंदीमुळे पातळ पिशव्यांवर बंधन आले, पण ही वेष्टने तिच्यातून सुटली. तिथेच दारूची एक बाटली आडवी पडली होती. आत पाचसहा भुंगेरे आणि एक सापसुरळी मरून वाळलेली होती. वासाने आत शिरलेल्या या जिवांना गुळगुळीत काचेवरून परत वर येता आले नसावे.

काही कचरा तर चांगल्या मनाने येतो. मोरांसाठी पिशवीतून शिळा भात आणणाऱ्या एका आजोबांना मी म्हटले, "काका, मोरांना इथे किडे-बिया भरपूर मिळतात, भात कुत्रीच खातात." ते क्षणभर थांबले, मग पिशवीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.

टेकडीवर आणखी कचरापेट्या ठेवाव्यात, हे मला पटत नाही, कारण त्या वेळेवर रिकाम्या होत नाहीत आणि रात्रीत कुत्री त्या उलथवतात. वर नेलेली वस्तू खाली आणणे हाच उपाय मला व्यवहार्य वाटतो. सध्या आम्ही चौघेजण खाणीखालचा उतार आधी वेचत आहोत, कारण पहिल्या मोठ्या पावसात तिथले कोपरे ओढ्यात उतरतात आणि मुठा नदीत गेल्यावर ते कोणाच्याच हाती लागत नाहीत.