आमची वाटचाल: अकरा पायऱ्यांचा जिना

1998 साली आर्किटेक्टचं ऑफिस सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच होतो. दोन ड्रॉइंग बोर्ड, एक मिनी-ड्राफ्टर आणि रोट्रिंगच्या पेनांचा एक सेट. 0.1 चं पेन चोंदलं की कानाशी धरून हलवायचं. आतलं वजन टकटक वाजलं तर शाई उतरणार, नाहीतर पेन पाण्यात आणि आपण चहाला. ट्रेसिंगवरची चूक ब्लेडने खरवडायची. तिथेच दुसऱ्यांदा चुकलं तर कागदाला भोक. त्या भोकाच्या धाकाने हात रेघ मारायच्या आधी थांबायचा. 1982 पासून बाजारात असलेलं, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आमच्याकडे 1999 ला आलं, पुढे स्केचअप, पुढे रेविट. मधली वीसेक वर्षं कामं आली, केली, पगार झाले.

खरी गोष्ट 2022 पासूनची. तोवर निम्मी कमाई रेंडरिंगची, म्हणजे न बांधलेल्या इमारतीची हुबेहूब चित्रं (व्ह्यू) काढून देण्याची होती. दुसरी ऑफिसंही आमच्याकडून व्ह्यू करून घ्यायची. कर्ज काढून दोन तगडी मशीन्स घेतली होती. संध्याकाळी व्ही-रे या रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरला व्ह्यू लावायचा, सकाळी चित्र तयार. जुलैत शब्दांवरून चित्र काढणारं एआय, मिडजर्नी, सगळ्यांना खुलं झालं, ऑगस्टमध्ये तसंच स्टेबल डिफ्यूजन आलं, आणि आम्ही हसलो. सहा बोटांची माणसं, हवेत लटकलेल्या बाल्कन्या! वर्षभरात बाहेरची कामं बंद. कुणी भांडलं नाही, कळवलंही नाही. फोन यायचे थांबले. रेंडरिंगच्या दोन मुलांना नारळ द्यावा लागला. ते मी सांगितलं. भागीदार त्या दिवशी साइटवर होता (मुद्दाम गेला होता, आता लिहायला हरकत नाही).

त्यातच क्लिनिकचं प्रकरण. क्लाएंट म्हणजे आमच्या हाडांच्या डॉक्टरबाई. त्यांचं घर हे आमचं पहिलं काम. नव्या क्लिनिकसाठी आम्ही पांढऱ्या मॉडेलचे (कॉम्प्युटरवरचं, मटेरियल न चढवलेलं) तीन स्क्रीनशॉट पाठवले. ते त्यांच्या भागीदारांकडून एका गृहस्थांकडे पोचले. चार वर्षं आमच्याच टेबलावर शिकलेले गृहस्थ. स्टेबल डिफ्यूजनला जोडायचं कंट्रोलनेट फेब्रुवारी 2023 मध्ये नुकतंच आलं होतं: रेघा जशाच्या तशा ठेवून वर हवं ते मटेरियल, हवा तो उजेड चढवता येतो. आमचं तीन महिन्यांचं मासिंग (इमारतीच्या आकाराची जुळणी) आणि यांचे एका रात्रीतले चाळीस व्ह्यू. मीटिंगमध्ये पडद्यावर आमचाच छज्जा, आमचाच कापलेला कोपरा, फक्त वर पावसाळी संध्याकाळ. भागीदारांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून ते विसरलेले नाही.

आतल्या लॉबीचा व्ह्यू मात्र त्या गृहस्थांचा स्वतःचा होता. डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा जिना माझे पेशंट चढतील?"

मी पडद्याजवळ जाऊन बोटाने रायझर (पायऱ्यांचे उभे भाग) मोजले. अकरा. मजल्याची उंची 3.3 मीटर, म्हणजे एकेक रायझर 300 मिलिमीटरचा. आम्ही 150 धरतो. "ते नंतर ॲडजस्ट होईल," गृहस्थ म्हणाले. ॲडजस्ट म्हणजे बावीस रायझर, मध्ये लँडिंग, आणि चित्रातलं ते देखणं वेटिंग सगळं जिन्याखाली. गुडघ्याच्या दवाखान्यात! काम आमच्याकडे परत आलं. त्या एका कामावर ते वर्ष निभावलं.

आता एआय आमच्याकडेही आहे. सोवळं पाळून चालत नाही. पहिल्या मीटिंगआधी दहा मूड-व्ह्यू, उन्हा-वाऱ्याचा अंदाज घ्यायला फोर्मा हे सॉफ्टवेअर, मीटिंगची टिपणं, स्पेसिफिकेशनचा कच्चा मसुदा. एकदा मसुद्यात स्टँडर्डचा असा क्लॉज आला जो त्या स्टँडर्डमध्ये नव्हताच. छान, ठाम भाषेत. तेव्हापासून प्रत्येक क्लॉज मूळ प्रतीत बघितल्याशिवाय सही होत नाही, कारण पकडायला येतात ते सही करणाऱ्याला.

नव्यांना दोन गोष्टी सांगते, कुणी विचारलेल्या नाहीत तरी. करार होईपर्यंत पांढरं मॉडेल बाहेर पाठवू नका, बोलावून दाखवा. आणि ज्युनिअरला पहिले सहा महिने सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढायला लावा. चित्र मशीन काढेल, पण बीमखाली डोकं आपटेल का हे सेक्शनमध्येच कळतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी स्वतःच एआयकडून काढून घेतलेलं एक चित्र पाठवलं. वरच्या मजल्याचं काम काढायचं आहे. खाली लिहिलं होतं: "जिन्याकडे बघू नका, मोजून झालाय. खिडक्या आवडल्यात."