कूलर भरायचा की हंडा?

नळ कोरडा पडला की माणसाला माणुसकी विसरायला आठवडाही लागत नाही, असं ‘ड्राय’ ही किशोरकादंबरी म्हणते. नील आणि जॅरड शुस्टरमन या बापलेकांनी ती लिहिली आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वरच्या अंगाची राज्यं धरणाची दारं लावून घेतात आणि शाळकरी अलिसाच्या घरचा नळ बंद होतो. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या संपलेल्या, म्हणून ती बर्फ उचलते. पोरगी हुशार!

इथवर नागपूरकराला नवल वाटायचं कारण नाही. आमच्या नळाला पाणी देणारी पेंच नदी मध्य प्रदेशातून येते. वर छिंदवाड्याकडे चौराईचं धरण झालं आणि खाली आमच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं. कादंबरी २०१८ची, २०१९ च्या जुलैत तोतलाडोहाने तळ गाठला आणि शहराला एक दिवसाआड पाणी सुरू झालं. जुलैत, बाप्पा! छत्र्या काढायच्या दिवसांत लोक ड्रम शोधत होते.

पुढे मात्र मला ते पुस्तक पटेना. आमच्याकडे मारामारीच्या आधी भांडण होईल, आणि तेही कूलरवरून. संध्याकाळी टाकीत पाइप सोडायचा, पंप लावायचा, मग वाकून बघायचं, कूलरच्या गवती ताट्यांवर सगळीकडे धार पोचते का. एखादा कोपरा कोरडा राहिला की रात्रभर तिथून झळ येते. सकाळी टाकीच्या तळाशी गंजाचं तांबडं पाणी उरलेलं. पंचेचाळीस अंशांत आजी आतल्या खोलीत झोपलेली असेल आणि घरात दोनच बादल्या पाणी असेल, तर ते हंड्यात ठेवायचं की कूलरमध्ये ओतायचं? तहानेआधी उष्माघात गाठू शकतो. हा पेच कॅलिफोर्नियात सुचायचा नाही.

अलिसाचा शेजारी केल्टन. त्याच्या घरात पाणी, अन्न, बंदुका असा सगळा साठा, म्हणून आळी त्यांना चक्रम समजते. बंदुका वगळल्या तर जुन्या नागपुरातल्या महाल भागात राहणारी माझी मावशी तशीच. मोरीत टाकं, अंगणात निळे ड्रम, ओट्यावर घासलेले पितळी गुंड. आणि एवढं जपून ठेवलेलं पाणी सकाळी ‘शिळं झालं’ म्हणून तुळशीला! मला धास्ती आहे ती बेसा-मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटांची. तिथे घरात बादली एकच, तीही फरशी पुसायची. अलिसाचं घर ते हेच.

भाचीला म्हटलं, तूच लिही नागपूरची कादंबरी.

“मामा, बंदूक नाही, लुटालूट नाही, मग थरार कुठून आणू?”

“अगं, पहाटे नळाला टुल्लू लावणाऱ्या काकूंना एकदा जाऊन सांग, की पंप काढा म्हणून. पहिलं प्रकरण तिथंच होईल.”