आधी कुठला घोडा?

आमच्या वेळी आपल्या शाळेत बुद्धिबळाचा वर्ग शनिवारी भरायचा. सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेतल्या लांब टेबलांवर पट मांडले जायचे आणि आमचे गणिताचे सर फळ्यावर चाली लिहायला घ्यायचे. जिल्ह्यातल्या इतर शाळांची मुलं तेव्हा राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवूनच डाव सुरू करत. सरांनी मात्र आम्हाला पहिल्यापासून वजिराचं प्यादं खेळायला लावलं. डी४ वरच्या (डी ही उभी रांग, ४ ही पांढऱ्याकडून चौथी आडवी) प्याद्याला मागून वजिराचा आधार असतो, त्यामुळे डाव लगेच भडकत नाही आणि कुठलं मोहरं कुठे न्यायचं याचा विचार करायला सवड मिळते, हे त्यांचं कारण. आज मी स्वतः मुलांना शिकवते, आणि ते कारण मला अजूनही पटतं.

पण सरांचा खरा जीव होता तो चालींच्या क्रमात. एकदा त्यांनी फळ्यावर दोन रांगा लिहिल्या; प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची, आणि मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची. पहिली: डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६. दुसरी: डी४ घोडा एफ६, सी४ ई६, घोडा सी३ डी५. दोन्ही पटांवर स्थिती हुबेहूब तीच, वजीर गॅम्बिट नाकारल्याची, म्हणजे पांढऱ्याने सी४ वर देऊ केलेलं प्यादं काळ्याने न घेता ई६ ने डी५ ला आधार दिल्याची. "काय गं, मग फरक कशात?" असं विचारून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाला दिसलं, की दुसऱ्या रांगेत काळ्याला तिसऱ्या चालीला डी५ ऐवजी उंट बी४ वर नेता आला असता, म्हणजे निम्झो-इंडियन नावाचा वेगळा बचाव. पहिल्या रांगेतल्या काळ्याने तो रस्ता पहिल्याच चालीला सोडून दिला होता. पटावर काय उभं आहे एवढंच मी तोवर बघत असे. त्या दिवसापासून समोरच्याने काय हातचं राखलंय, तेही बघायला लागले.

निम्झो-इंडियन नको असेल तर पांढऱ्याने तिसरी चाल घोडा एफ३ करावी, असं बहुतेक जण सांगतात. सल्ला चांगला आहे, पण फुकटचा नाही, आणि सरांनी त्याची किंमत आम्हाला पटावर मोजून दाखवली. पांढऱ्याने तिसऱ्या चालीला त्याऐवजी घोडा सी३ वर आणला, काळ्याने डी५ खेळून वजीर गॅम्बिट नाकारलं आणि पांढऱ्याने डी५ वर प्याद्यांची अदलाबदल केली असं धरा. आता उंट जी५ वर येतो आणि एफ६ वरचा घोडा जखडला जातो, कारण तो हलला तर मागचा वजीर मारला जाईल. काळा सी६ खेळतो, पांढरा ई३. काळ्याला आपला सी८ वरचा उंट एफ५ वर आणून मोकळा करायचा असतो. तो आणला, की पांढरा वजीर एफ३ वर येतो! उंटावर हल्ला. उंट जी६ वर मागे गेला की पांढरा एफ६ वरचा घोडा मारतो, मग वजिरांची मारामारी होते आणि काळ्याची एफ रांगेतली प्यादी दुहेरी होऊन बसतात. हे सगळं का जमलं? एफ३ चं घर रिकामं होतं म्हणून. घोडा तिथे आधीच आला असता तर वजिराला जागाच नव्हती, काळ्याचा उंट सुखाने बाहेर पडला असता. शिवाय दुसरा घोडा ई२ वर ठेवून एफ३ आणि ई४ अशी प्यादी ढकलण्याचा बेतही गेला असता.

काळ्याकडेही याला उत्तर आहे. पहिल्या रांगेच्या क्रमाने खेळून तिसऱ्या चालीला घोडा न काढता उंट ई७ वर ठेवायचा. मग जी५ वर येणारा उंट आयताच मारला जातो. १९६३ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत बॉटविनिक आणि पेट्रोशियन हाच क्रम खेळले होते.

१९७२ च्या रेक्याविकच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतला, फिशर विरुद्ध स्पास्की, सहावा डाव सरांनी आम्हाला मोठ्या पटावर लावून दाखवला होता. तोवर जवळजवळ नेहमी राजाचं प्यादंच खेळलेल्या फिशरने त्या दिवशी सी४ ने सुरुवात केली, मग घोडा एफ३, मग डी४, आणि बघता बघता डाव वजीर गॅम्बिटमध्ये जाऊन पोहोचला. समोर स्पास्कीचा आवडता तार्ताकोव्हर बचाव, म्हणजे वजीर गॅम्बिट नाकारण्याचाच एक प्रकार. फिशर जिंकला आणि स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या. पुढे २००८ मध्ये बॉनला विश्वविजेतेपदाच्या लढतीत आनंदने क्रॅमनिकविरुद्ध आपलं नेहमीचं ई४ बाजूला ठेवून डी४ काढलं, तेव्हा मला पहिली आठवण आपल्या प्रयोगशाळेची झाली. ती लढत आनंदने साडेसहा विरुद्ध साडेचारने जिंकली.

आता मुलं मोबाइलवर लंडन नावाची ठरावीक सुरुवात शिकून येतात: डी४, उंट एफ४, ई३, सी३, समोर काहीही असो. लंडन वाईट नाही. पण त्यातही उंट आधी की घोडा आधी हा प्रश्न आहेच. उंट लवकर काढला की बी२ चं प्यादं उघडं पडतं आणि काळा सी५ खेळून वजीर बी६ वर आणतो. पाठ केलेल्या मुलाला तिथे पहिल्यांदा थांबावं लागतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की शाळेत आधी वजीर गॅम्बिट शिकवावं, दोन्ही बाजूंनी. १९२७ ला ब्यूनोस आयर्समध्ये कापाब्लांका आणि अलेखिन यांचे विश्वविजेतेपदासाठी ३४ डाव झाले, त्यातले ३२ वजीर गॅम्बिट नाकारल्याचे. जगातल्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या दोन खेळाडूंना ते पुरलं, तर आठवीच्या मुलांना नक्की पुरेल.

शाळेत बुद्धिबळाचा वर्ग अजून भरतो, हे ऐकून फार आनंद झाला. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी असते. मुलांची तयारी असेल तर अदलाबदलीचा तो डाव दोन्ही क्रमांनी शिकवायला येईन. प्रत्येकाने चाली लिहायला वही तेवढी आणावी.