तक्त्यातली राहून गेलेली ओळ

मुख्याध्यापिकाबाईंनी माझा अर्ज उभ्याउभ्याच वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. आठवीची चाळीस मुलं, डोंगर, एक मुक्काम. "एखाद्याचा पाय मोडला तर पालकांसमोर कोण उभं राहणार?" मी गप्प. डोंगरात भटकायची सवय होती, पण ती अर्जावर कशी लिहितात हे कधी शिकलोच नव्हतो. त्या दिवशी भयंकर राग आला होता. आता वाटतं, बाईंचं चुकलं नव्हतं.

माझ्या डोक्यातलं चित्र फार जुनं होतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोवी इथे 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा काढली, ती तरुण खलाशांना समुद्रात तगून राहता यावं म्हणून. तेव्हापासून घराबाहेरचं शिक्षण म्हटलं की कडा, दोर आणि खवळलेलं पाणीच आठवतं. शहरातल्या मुलांनाही तेच द्यायचं, असं मी धरून चाललो होतो.

बाईंनी मागितला म्हणून जोखमीचा तक्ता करायला बसलो. काय होऊ शकतं, किती शक्य आहे, झालं तर किती गंभीर, टाळायला काय करणार. शेवटचा रकाना मी माझ्या मनाने वाढवला : ही जोखीम घेऊन मुलांना मिळणार काय? मधमाश्या, ॲलर्जी, उन्हाचा त्रास, हरवलेलं मूल अशा ओळी भरत गेलो. विजेची ओळ सगळ्यात वर : वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. दोन रात्री घालवल्यावर लक्षात आलं की निम्म्या ओळी बसप्रवासाच्या आणि मुक्कामाच्याच आहेत, आणि त्यांच्यासमोरचा शेवटचा रकाना जवळजवळ कोरा आहे. मुक्काम खोडला. मग डोंगरही पुढे ढकलला. उरला तो आठवड्यातून एक तास, शाळेच्या कुंपणालगतच्या झाडांखाली. बाईंनी सही केली.

पालकसभेसाठी मी एक आकडा हाताशी ठेवला होता. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी तिथल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा दृष्टिदोष झाला होता, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. ती मुलं सहा-सात वर्षांची होती, आपली तेराची आहेत, तेव्हा हे औषध समजू नका, असंही सांगून टाकलं. पालकांना त्यात फारसा रस नव्हताच. "तास गणिताचा जाणार की चित्रकलेचा?" एवढंच त्यांना हवं होतं.

पहिला तास मी स्वतःच बुडवला. झाडांची नावं, पानांचे प्रकार, पस्तीस मिनिटं माझंच तोंड चालू. एक मुलगा बुटाच्या टोकाने एकच खडा पुढेमागे करत होता. तासाभरात शाळेबाहेरचं काही खरोखर पाहिलं असेल तर त्यानेच, तो खडा.

पुढच्या वेळी तोंड आवरलं. जोडीजोडीला एकेक पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा दिला, त्यावर एक सेंटिमीटरचे शंभर चौकोन आखलेले. तो खोडावर छातीच्या उंचीला धरायचा आणि किती चौकोनांत दगडफूल दिसतं ते मोजायचं. एकदा रस्त्याच्या बाजूने, एकदा आतल्या. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात, पाणी आणि क्षार बरेचसे हवेतून घेतं, त्यामुळे हवेतली घाणही शोषतं. अर्धा भरलेला चौकोन धरायचा की नाही यावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आत ३४, रस्त्याकडे ९. गाड्यांचा धूर, असा निकाल वर्गाने देऊन टाकला, तेवढ्यात खड्यावाला मुलगा म्हणाला, "पण दादा, रस्त्याकडून ऊनही जास्त येतं ना?" बरोबर होतं त्याचं. मग दुसऱ्या झाडांकडे धाव. नायलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने १८६६ साली पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग नावाच्या बागेत असंच काहीसं टिपलं होतं, हे मी त्यांना मोजणी संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कोणी मोजलं नसतं.

पाच महिन्यांनी डोंगराची एक दिवसाची वाट मिळाली. सामानाच्या यादीत मी 'ट्रेकिंग शूज' लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तीन नावं गळाली. यादी बदलून 'घरात असतील ते, पायात घट्ट बसणारे, तळ न झिजलेले बूट' केलं. तिघंही परत आली. वेळेचा हिशेब मी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२च्या नियमाने मांडला : ५ किलोमीटरला एक तास, शिवाय ६०० मीटर चढाला एक तास. सहा किलोमीटर, तीनशे मीटर चढ, म्हणजे पावणेदोन तासही नाहीत. लागले चार. तो नियम ठणठणीत चालणाऱ्याचा. मुलांना ओढ्यात हात घालायचा असतो.

मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी दोन मुलींनी 'बरं नाही' असं कळवलं होतं. वर्गशिक्षिका ताईंनी त्यांच्याशी बोलून खरं कारण काढलं. पाळी आली होती आणि वाटेत जायचं कुठे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या चार पानी तक्त्यात मधमाशीला जागा होती, याला नव्हती. त्या रात्री ताईंनी आडोशाची ताडपत्री, छोटं खुरपं, पाणी, साबण आणि वापरलेले पॅड परत आणायला बंद पिशव्या असं सगळं बांधलं. पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, आणि राखणीला एक मैत्रीण. दोघीही आल्या.

यंदाच्या तक्त्यात ती ओळ सगळ्यात वर आहे, विजेच्याही वर.