सूज उतरेना तेव्हा: पन्हाळ्याच्या एका आजींचा डोळा

पन्हाळ्यावर पर्यटकांना झुणका-भाकर करून घालण्यात हयात गेलेल्या सत्तरीच्या आजी. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं; आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आल्या तो ऑपरेशननंतरचा बारावा दिवस. मुलगी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते, तिनंच आणलं होतं. फाईल नीट ठेवलेली. मोतीबिंदू तपकिरी आणि कडक, फेकोनं, म्हणजे अल्ट्रासाउंडनं फोडून काढलेला, लेन्स जागेवर. दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दाब २८, पुढच्या तपासणीत १६. दोन्ही वेळा शेरा तोच: कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला) सूज, थेंब चालू ठेवा.

हा शेरा चुकीचा नव्हता. कडक मोतीबिंदू फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त लागते, वेळही जास्त लागतो. त्याचा मार बसतो तो कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशींना. तिथं पेशींचा एकच थर असतो आणि कॉर्नियात मुरणारं पाणी सतत बाहेर उपसत राहणं हे त्याचं काम. उतारवयात या पेशी दर चौरस मिलिमीटरला साधारण २००० ते २५०० असतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही; शेजारच्या पसरून जागा भरतात. ऑपरेशनमध्ये काही पेशी जातात, उरलेल्यांना धक्का बसतो, उपसा मंदावतो, कॉर्निया फुगतो आणि सगळं धुरकट दिसतं. साध्या मोतीबिंदूत ही सूज काही दिवसांत उतरते, कडक मोतीबिंदूत तीन-चार आठवडेही लागतात. म्हणून 'थांबा' हे उत्तर बहुतेक पेशंटच्या बाबतीत बरोबरच ठरतं.

पण नुसतं 'थांबा' म्हणून भागत नाही. काय सुधारायला हवं आणि किती दिवसांत, हे सांगायला हवं. सूज उतरायला लागली की दृष्टी एकाच दिशेनं सरकते, हळू का होईना. आजी दीड मीटरवर धरलेली बोटं मोजत होत्या, पिनहोलमधूनही (बारीक भोकाच्या चकतीतूनही) तेवढंच. पहिल्या दिवसाच्या कागदावरही हेच लिहिलेलं. मग सूज असलेल्या प्रत्येकाला विचारतो तो प्रश्न त्यांनाही विचारला: सकाळी उठल्यावर जास्त धुरकट आणि दुपारनंतर जरा बरं, असं होतं का? रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, कॉर्नियातलं पाणी हवेत उडून जात नाही, त्यामुळे उतरणीला लागलेली सूज सकाळी जास्त आणि दिवस चढेल तशी कमी वाटते. आजी म्हणाल्या, "सकाळी बी तसंच आन् दिस मावळला तरी तसंच. फरक म्हणून न्हाई."

औषधाला दोष देण्याआधी थेंब खरोखर डोळ्यात जातात का, हे बघावं लागतं. मुलीला समोरच घालायला सांगितले. प्रेडनिसोलोन ॲसिटेट या स्टेरॉइडची बाटली तिनं पिशवीतून काढली आणि तशीच उलटी केली. बाटली उजेडात धरली तर तळाला पांढरा साका बसलेला स्पष्ट दिसत होता. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. न हलवता घातलं तर वरचं पाणी डोळ्यात जातं आणि औषध बाटलीत राहतं. दर वेळी वीसेक वेळा हलवायलाच हवी. तिनं दोन थेंब टाकले, त्यातला एक गालावर आला. पापणीच्या आत एका थेंबाहून जास्त मावत नाही, दुसरा वायाच जातो. लगेच पुढचं औषध घातलं, म्हणजे आधीचं धुऊन निघालं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. खालची पापणी ओढून जो खळगा होतो त्यात एक थेंब, बाटलीचं टोक पापणीला न लावता, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून ठेवायचा. तिला हे एकदाच दाखवावं लागलं. घरची माणसं हयगय करतात असं मला कधी वाटलेलं नाही; डिस्चार्जच्या गडबडीत हे करून दाखवणारं कोणी नसतं.

तरीही न हलवलेल्या बाटलीनं एवढी अडून बसलेली सूज पटण्यासारखी नव्हती.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, कारण दिसायला लागलं. कॉर्नियाचा वरचा दोन तृतीयांश भाग दुधाळ, खालचा स्वच्छ, आणि दोहोंच्या मध्ये सरळ रेघ. पेशींना धक्का बसून आलेल्या सुजेला अशी कड नसते, ती हळूहळू विरत जाते. कड दिसली की आतला पापुद्रा सुटल्याची शंका घ्यायची. भूल देणारा थेंब टाकून वर ग्लिसरिनचा एक थेंब टाकला. तो पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेतो आणि मिनिटभरात आतलं दिसू लागतं. प्रकाशाची अरुंद फट तिरपी टाकली तर कॉर्नियाच्या मागं एक पातळ चकाकती रेघ वेगळी दिसली. डोळ्याच्या पुढच्या भागाच्या ओसीटीनं (प्रकाशानं थरांचा छेद दाखवणाऱ्या स्कॅननं) शिक्कामोर्तब केलं: डेसेमेट नावाचा पापुद्रा वरच्या जखमेपासून बाहुलीच्या मध्यापर्यंत सुटला होता. कॉर्नियाची जाडी ७८० मायक्रॉन, एरवी ५४०च्या आसपास असते.

हा पापुद्रा जेमतेम १० मायक्रॉनचा असतो आणि पाणी उपसणाऱ्या पेशी त्याच्यावरच बसलेल्या असतात. भिंतीला ओल आली की रंगाचा पोपडा सुटतो तसा तो सुटतो. पेशी जिवंत असतात, पण कॉर्नियापासून लांब, मग उपसणार काय? पाती बोथट असेल, हत्यार तिरपं आत गेलं असेल, किंवा शेवटी जखमेच्या कडा पाण्यानं फुगवताना पाणी चुकून या थरांमध्ये शिरलं असेल तर असं होतं. जखमेच्या तोंडाशी थोडासा सुटणं नेहमीचं आहे, तेवढं आपोआप चिकटतं. निष्णात हातांकडूनही, विशेषतः वयस्कर डोळ्यात आणि कडक मोतीबिंदूत, मोठा भाग सुटू शकतो. मुलीला हे स्पष्ट सांगितलं, कारण आधीच्या डॉक्टरांवरचा राग तिच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि त्या रागाला आधार नव्हता. फाईलमधल्या १६ दाबावरही माझा फार भरवसा नव्हता. फुगलेला कॉर्निया मऊ असतो, त्यावर दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो.

काही पापुद्रे वाट पाहिली तर चिकटतात. पण हा बाहुलीच्या आड आला होता, बारा दिवसांत सुधारणा शून्य होती, आणि जितका काळ तो सुटा राहतो तितका ताठर होत जातो, वर कॉर्नियात व्रणही पडतो. मग कॉर्नियाच्या रोपणाशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी कॉर्नियाच्या मागं गॅसचा बुडबुडा घालून पापुद्रा जागेवर दाबून बसवायचं ठरवलं.

प्रक्रिया छोटी, पण गॅसचं मिश्रण करताना जराही घाई चालत नाही. सीथ्रीएफएट हा गॅस शुद्ध घातला तर डोळ्यात चौपट फुगतो. हवेत मिसळून १४ टक्के केला तर फुगत नाही. ५ मिलीच्या सिरिंजमध्ये गाळणीतून ०.७ मिली गॅस घ्यायचा आणि ४.३ मिली हवा. प्रमाण एकानं मोठ्यानं बोलायचं आणि दुसऱ्यानं सिरिंजवर वाचून पडताळायचं. हे प्रमाण चुकलं तर काही तासांत दाब इतका चढतो की डोळ्याची नस कायमची दुखावते. पापुद्रा जिथं चिकटलेला आहे तिथून, म्हणजे आजींच्या डोळ्यात खालून, ३० नंबरच्या सुईनं आत शिरलो, थोडं पाणी काढलं आणि पुढची पोकळी गॅसनं पूर्ण भरली. वरून शिरलं असतं तर सुईनंच पापुद्रा आणखी सुटला असता. तासभर उताणं झोपवून मग थोडा गॅस सोडला, बुडबुडा दोन तृतीयांश ठेवला आणि बाहुली मोठी करणारा थेंब घातला. बाहुली लहान राहिली तर बुडबुडा बुचासारखा बसतो, मागचं पाणी पुढं येत नाही आणि दाब भडकतो. दोन तासांनी दाब १८, रात्री २४. दाब उतरवणारी ॲसिटाझोलामाइडची २५० मिलिग्रॅमची गोळी दिली. त्याआधी सल्फाची ॲलर्जी आणि मुतखडा विचारून घेतला. बोटांना मुंग्या येतील, घाबरू नका, हेही सांगितलं. न सांगितल्यामुळे पेशंट गोळी परस्पर बंद करतात.

पुढचा भाग घरचा. पहिले दोन दिवस जागेपणी बहुतेक वेळ छताकडे तोंड, जेवायला आणि बाथरूमला उठायची मोकळीक. डोळ्याजवळ कपाळ ठणकलं, उलटी झाली तर रात्री कितीही वाजता यायचं. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे भूलतज्ज्ञांना सांगायचं, कारण नायट्रस ऑक्साइडनं बुडबुडा फुगतो. तशी चिठ्ठीच लिहून दिली. आणि पन्हाळ्यावर जायचं नाही. आजी याला तयार नव्हत्या. पण गड कोल्हापूरपेक्षा साधारण ४०० मीटर उंच, वाघबीळचा चढ चढून वर पोचेपर्यंत हवेचा दाब ४-५ टक्क्यांनी उतरतो आणि बुडबुडा तेवढाच वाढतो. एरवी डोळा एवढं सोसतो, पण रात्रीचा २४ आकडा समोर असताना मी हा धोका घेतला नसता. बुडबुडा विरेपर्यंत मुक्काम बावड्यातच. विरताना काय दिसेल तेही आधीच सांगितलं होतं: आधी सगळं हलतं, मग काळी गोल कड, मग ती लहान होत नाहीशी.

तिसऱ्या दिवशी ओसीटीवर पापुद्रा चिकटलेला. मुलीला घरी रोज एक चाचणी करायला सांगितली होती: कॅलेंडर एकाच भिंतीवर, खाटेपासून तेवढ्याच अंतरावर, सकाळी दहाच्या उजेडात, डावा डोळा तळव्यानं झाकून, आणि दिसतं ते वहीत लिहायचं. आठवड्याच्या आत 'तारखांचे मोठे आकडे' अशी नोंद आली. तिसऱ्या आठवड्यात दृष्टी ६/१८ (६/६ म्हणजे पूर्ण नजर), जाडी ५९०, बुडबुडा नाहीसा. पाच टक्के मिठाचे थेंब तोवर चालूच होते. ते झोंबतात, पण सकाळच्या सुजेवर उपयोगी पडतात.

पाचव्या आठवड्यात दृष्टी उलटी फिरली, ६/२४. कॉर्निया स्वच्छ. आजींची तक्रार वेगळी होती: दाराची चौकट वाकडी दिसते. रेघा वाकड्या म्हणजे मागचा पडदा बघायचा. ओसीटीत पडद्याच्या मध्यभागी पाण्याचे कप्पे, जाडी ४३० मायक्रॉन. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी येणारी ही सूज नेहमीची, मधुमेह असेल किंवा डोळ्यात पुन्हा हाताळणी झाली असेल तर जास्त. नेपाफेनॅक हे सूज उतरवणारे थेंब दिवसातून तीनदा आणि जोडीला स्टेरॉइड, साखरही तपासली. अडीच महिन्यांत उतरली.

याच सुमारास ओपीडीत बसलेल्या एका गृहस्थांनी आजींची कथा ऐकून, "म्हणजे माझ्या वडिलांनाही थांबायला हरकत नाही" असा निष्कर्ष काढला. त्यांच्या वडिलांच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते, आदल्या रात्रीपासून दुखत होतं आणि आधी आलेली नजर कमी झाली होती. हे अगदी वेगळं प्रकरण. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, लाली वाढली आणि दिसणं घटलं तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग आहे असं धरूनच चालायचं. तिथं तासांचा हिशेब असतो. पाण्याचा नमुना घेऊन त्याच बैठकीत डोळ्याच्या आत प्रतिजैविकं: व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलीमध्ये, वेगवेगळ्या सिरिंजमधून; एकत्र केली तर साका धरतात. सकाळची वाट बघायची नाही, थेंब वाढवून बघू म्हणायचं नाही. त्या गृहस्थांना तिथूनच वडिलांना आणायला पाठवलं.

चौथ्या महिन्यात आजींना चष्मा दिला, लांबचं ६/९, जवळच्यासाठी अधिक २.५. त्याआधी नंबर काढला नव्हता, कारण कॉर्निया आणि पडदा बदलत असताना काढलेला नंबर महिन्यात चुकीचा ठरतो आणि चष्म्याचे पैसे पाण्यात जातात. चुलीपुढं बसायला परवानगी दिली, मात्र जवळची खिडकी उघडी ठेवून. उजव्या डोळ्यात पेशी आता दर चौरस मिलिमीटरला १४०० आहेत. पुरेशा आहेत, पण शिल्लक फार नाही. त्यामुळे वर्षातून एकदा मोजायच्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा अंधुक झालं तर लेन्समागची पिशवी गढूळ झाली असेल, ती लेसरनं दोन मिनिटांत साफ होते, मोतीबिंदू परत आला समजू नका, हे लिहून दिलं.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, अजून उजव्याइतका कडक झालेला नाही. तो होऊ द्यायचा नाही, यावर आजी आणि मुलगी दोघींचं एकमत आहे. आधी पेशी मोजायच्या, कॉर्नियाचं ओसीटी काढून ठेवायचं, कारण एका डोळ्यात सुटलेला पापुद्रा दुसऱ्यातही सैल असू शकतो. ऑपरेशनला नवी पाती, जखम फुगवताना पाणी बेताचं, आणि टेबलवरून उठवण्याआधी जखमेच्या आतली कड तिथंच एकदा तपासायची. सुटलेलं दिसलं तर हवेचा बुडबुडा त्याच वेळी घालता येतो.