पट्ट्यातही तारे दिसत होते

मार्चमधली, अमावस्येच्या आसपासची रात्र. कोल्हापुरात आमचा ऑल-स्काय कॅमेरा अशाच रात्री चालवतो. चंद्र असला की एअरग्लोचा, म्हणजे वरच्या हवेच्या स्वतःच्या चमकण्याचा, मंद उजेड त्यात बुडून जातो. फिशआय भिंग अख्खं आकाश एका वर्तुळात घेतं आणि आत फिल्टरचं चाक फिरत राहतं: ६३०.० नॅनोमीटरचा लाल, ५५७.७चा हिरवा. दोन्ही रंग सुट्ट्या ऑक्सिजन अणूचे.

नऊच्या सुमारास लाल फ्रेममध्ये उत्तर-दक्षिण काळे पट्टे उमटले. प्रोजेक्टला आलेली एमएस्सीची मुलगी म्हणाली, "मॅडम, ढग आले. बंद करायचं का?"

"पट्ट्याच्या आत बघ," मी म्हटलं. आत तारे होते, ठसठशीत. ढगाने ते झाकले असते. लगोलग घेतलेली हिरवी फ्रेम उघडली, तर तिथे पट्ट्याचा पत्ताच नाही! हिरवा उजेड साधारण ९७ किलोमीटरवरून येतो, लाल २५०च्या आसपासहून. म्हणजे जे चाललं होतं ते वरच्या मजल्यावर. सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित कणांच्या थरात, खालून वर घुसणारे विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे होते ते. एरवी तिथला ऑक्सिजन आयन (विद्युतभारित अणू) आपला विद्युतभार ऑक्सिजनच्या रेणूला देतो, तो रेणू इलेक्ट्रॉन पकडून फुटतो आणि सुटलेला अणू लाल उजेड देतो. बुडबुड्यात आयनच कमी, म्हणून काळोख. जीपीएसचे सिग्नल बिघडवतात तेही हेच बुडबुडे. फ्रेममागून फ्रेम ते पूर्वेकडे सरकत होते, आणि मला हे दृश्य दरवेळी तितकंच थरारक वाटतं.

"पण लाल खाली का नाही दिसत?" तिने नेमकं विचारलं.

लाल उजेड सोडायला त्या अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. दाट हवेत तेवढ्यात टकरा होऊन ऊर्जा निघून जाते. हिरव्याला सेकंदही पुरतो.

मग रात्रभर गप्पा त्याच. मंगळावर २०१९ साली ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाने हाच हिरवा उजेड दिवसा टिपला. तिथे अणू सुटतो तो कार्बन डायऑक्साइड फुटून. गुरूचा उपग्रह युरोपा, त्यावरचा ऑक्सिजन हबल दुर्बिणीने १९९५ साली अतिनील रेषांवरून ओळखला. पुढे हवाईच्या केक दुर्बिणीने गुरूच्या सावलीत शिरलेल्या युरोपाचा लाल उजेडही पकडला. तिथली हवा इतकी विरळ, की अणूला टक्कर द्यायला कुणी भेटतच नाही. त्यामुळे लाल रंग पार बर्फाच्या पृष्ठभागापर्यंत टिकतो.