खोडलेलं पान

रविवार, रात्री

बक्षिसांची यादी उद्या द्यायची आहे. पहिले तीन क्रमांक गुणपत्रकावरून लगेच उतरवले. ‘मेहनती विद्यार्थी’ हा रकाना यंदा मीच हट्टानं मागून घेतला आणि तोच अजून रिकामा आहे.

वह्यांचा गठ्ठा पुन्हा काढला. एका मुलीची अपूर्णांकांची वही, ३/४ + २/५. आधी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून तिनं ५/९ लिहिलं होतं. खोडलंय, तरी पुसट दिसतं. मग छेद २० केला, पण अंश तसेच ठेवले. तेही खोडलं. तिसऱ्यांदा १५ आणि ८, उत्तर २३/२०. कागद इतका झिजलाय की मागच्या पानावरचे आकडे दिसतात. वही देताना म्हणाली होती, “बाई, हे पान फाडू का? घाण झालंय.” मी नको म्हटलं. चाचणीत तिला २० पैकी ११.

ज्याला २० पैकी २०, तो कुठे अडलेला मी वर्षभर पाहिला नाही. जरा वेगळं गणित दिलं की विचारतो, “हे परीक्षेला येणार का?” क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे १९९८चे प्रयोग आठवतात. ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढे सोप्या कामाकडे वळली, ‘मेहनत घेतलीस’ असं ऐकलेल्यांनी बहुतांशी अवघड काम मागून घेतलं. त्याला चारचौघांत ‘हुशार’ म्हणणारी मीच. याचं आज फार वाईट वाटतंय.

पण मेहनत मोजायची कशी? नीटनेटका गृहपाठ म्हणजे मेहनत नव्हे. घरी शेजारी बसून करून घेणारं कुणी असेल, तर वही सुंदरच दिसते. उत्तर चुकलेलं असताना ‘छान प्रयत्न’ म्हणून सोडून देणं तर मुलाला फसवणंच झालं. ११ हा आकडाही मला हवाच, वजाबाकीत ती अजून कच्ची आहे हे त्यावरूनच कळलं. फक्त त्याला बक्षीस का चिकटवायचं?

शिक्षणावर संशोधन करणाऱ्या रूथ बटलर यांनी १९८८मध्ये दाखवलं होतं की शेऱ्यासोबत गुणही दिले, तर शेऱ्याचा फायदा उरत नाही. वर्गात रोज तेच बघते. लाल आकडा दिसला की वही बंद.

रकान्यात तिचं नाव लिहिलं. मग त्या झिजलेल्या पानाच्या समासात, पेन्सिलनं, कागद फाटू नये म्हणून हलक्या हातानं: ‘दुसऱ्या वेळी छेद बदललास, तिथेच वाट सापडली. आता वजाबाकीत हेच करून बघ.’ खाली गुण घातले नाहीत.